धातूत मुरलेला हायड्रोजन

दहावीच्या पुस्तकातील (२०१८) ‘धातुविज्ञान’ हे प्रकरण नेटके आहे. पण धातूवर आम्ल टाकले की हायड्रोजन बाहेर पडतो, इथेच ते थांबते, ही आमची तक्रार. काही हायड्रोजन आतही मुरतो आणि पोलाद ठिसूळ होते. विल्यम जॉन्सन यांनी १८७५ मध्ये आम्लात बुडवलेली लोखंडी तार मोडली, तेव्हा तुटलेल्या ओल्या भागावर बुडबुडे आले. काही दिवसांनी तारेचा चिवटपणा परतला.

विजेने जस्ताचा मुलामा देतानाही हेच घडते. म्हणून उच्च ताकदीचे बोल्ट नंतर सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवतात. नाहीतर न गंजलेला बोल्टही भाराखाली अचानक तुटतो. श्रीगोंद्यासारख्या साखर कारखान्यांच्या तालुक्यात तरी ‘मुलामा गंज रोखतो’ एवढ्यावर धडा संपवू नये.