‘एकच प्याला’ : सिंधू आणि गीता

विरोधी स्वभावांची पात्रे जोडीने उभी करण्याची रीत नाटकात जुनी आहे. अशा जोडीतील एक पात्र आदर्श आणि दुसरे केवळ त्या आदर्शाला उठाव देण्यासाठी योजिलेले, असा सोपा हिशेब पुष्कळदा केला जातो. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकातील सिंधू आणि गीता यांच्या वाट्याला हाच हिशेब आला. गडकऱ्यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने हे नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची सिंधू मराठी मनात इतकी ठसली की, गीतेचे महत्त्व विनोदापुरतेच मानले जाणे स्वाभाविक होते.

वस्तुतः दोघींचे दुःख एकच आहे : मद्यपी नवरा. भेद आहे तो भाषेचा. सिंधूची भाषा संयमाची व आर्जवाची. सुधाकराची वकिली बुडाली, दळण दळून पोट भरण्याची वेळ आली, तरी त्याच्याविषयी उणा शब्द ती उच्चारीत नाही. सुधाकराला पहिला प्याला देणाऱ्या तळीरामाची बायको गीता मात्र नवऱ्याच्या व्यसनाला व्यसनच म्हणते. तिचे बोलणे घरगुती वळणाचे आणि रोखठोक आहे. एकीच्या मुखातून पतिव्रताधर्म बोलतो, तर दुसरीच्या मुखातून अनुभव.

तथापि, नाटककाराने गीतेच्या पारड्यातही जय टाकलेला नाही. तिच्या स्पष्टोक्तीने तळीराम सुधारत नाही, तो मरतो. सिंधूच्या सोशिकपणाने सुधाकर सावरत नाही. त्याच्या हातून मूल जाते आणि अखेर सिंधूही. मरणाच्या दारात ती पतीवर बालंट येऊ नये म्हणून फौजदारापासून खरी हकीकत दडविते. ज्या निष्ठेने तिच्या जीवनाला अर्थ दिला, तीच राखण्यासाठी तिला सत्याचा त्याग करावा लागतो.

या असत्याचे मोल प्रेक्षकाला कळते ते गीतेमुळे. घडलेल्या गोष्टीला तिच्या नावाने हाक मारणारी भाषा त्याने आधीच ऐकलेली असते. म्हणून सिंधूने न उच्चारलेला शब्दही त्याला ऐकू येतो. सिंधूसाठी अश्रू ढाळणाऱ्याने त्या शब्दाचाही विचार केला पाहिजे. सोसणे हे जीवनाचे सार्थक की त्याचा अपव्यय, हा प्रश्न सिंधू एकटी असती तर उभाच राहिला नसता. गीता तो उभा करते. आणि त्याचे उत्तर न देण्यातच गडकऱ्यांची नाट्यदृष्टी प्रकट होते.