आवड कुणाची? मराठी प्रेक्षक आणि त्याच्या सिनेमा पाहण्याच्या सवयी

चित्रपटाची आवड म्हणून जे सांगितले जाते, त्यातला मोठा भाग प्रत्यक्षात सवयीचा असतो. ‘मला विनोदी सिनेमे आवडतात’ किंवा ‘रडका सिनेमा नको’ असे म्हणणारा प्रेक्षक आपली निवड सांगत असतो. पण ज्या ताटातून ही निवड झाली ते ताट त्याने वाढून घेतलेले नसते. कोणत्या वयात, कोणत्या पडद्यावर, कोणत्या वारी आणि कुणासोबत सिनेमे पाहिले गेले यावर आवड घडत जाते. पुढे ती स्वभावाचाच भाग असल्यासारखी सांगितली जाते. मराठी समीक्षेने दिग्दर्शक, नट आणि संगीतकार यांच्यावर भरपूर लिहिले. पाहणाऱ्याकडे मात्र तिने दोनच वेळा वळून पाहिले: सिनेमा पडला की त्याला दोष द्यायला आणि चालला की त्याला ‘मायबाप’ म्हणायला.

मराठी माणसाची सिनेमाची पहिली सवय सामुदायिक होती. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला तेव्हा पाहणाऱ्याला हरिश्चंद्राची कथा ठाऊक होती. नवल होते ते ती पडद्यावर हलताना दिसण्याचे. माहीत असलेली गोष्ट पुन्हा पाहायला जाणे हा कीर्तनाचा आणि संगीत नाटकाचा संस्कार सिनेमाला आयताच मिळाला. प्रभातच्या ‘संत तुकाराम’ने (१९३६) त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. पुढे अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. असा मुक्काम केवळ नव्या प्रेक्षकांच्या जोरावर होत नाही. तीच माणसे पुन्हा येत होती, आसपासच्या गावांतून येत होती आणि बरोबर पाहुण्यांना आणत होती. पिटातल्या प्रेक्षकाला तमाशापटाची गोष्ट पाठ असे, तरी लावणी सुरू झाली की शिट्टी पडेच. गावोगावच्या जत्रांत तंबूतला सिनेमा याच सवयीवर जगला. तिथे काय लागले आहे यापेक्षा सिनेमा आला आहे, हीच बातमी असे.

आवड आणि पुरवठा यांचा संबंध किती घट्ट असतो, हे दादा कोंडके यांच्या उदाहरणात दिसते. त्यांचे एकामागून एक नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले आणि ‘हीच खरी जनतेची आवड’ असा निर्वाळा त्यावरून देण्यात आला. पण ‘सोंगाड्या’ला (१९७१) दादरमध्ये पडदा मिळवण्यासाठी शिवसेनेला मध्ये पडावे लागले होते. पडदा मिळाला नसता तर जनतेला दादा आवडतात हे जनतेलाही कळले नसते. असे पडदा न मिळालेले सिनेमे किती होते, याची नोंद आवडीच्या इतिहासात नसते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि आवड घडवण्याचे काम घरात आले. शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी संध्याकाळी हिंदी चित्रपट, हा नेम वर्षानुवर्षे चालला. कोणता सिनेमा पाहायचा हा प्रश्नच नव्हता; लागेल तो पाहायचा. पदरी पडले आणि पवित्र झाले! आज पन्नाशी-साठीत असलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘जुने चांगले सिनेमे’ विचारले तर तो जी नावे घेतो, त्यांत शनिवारच्या त्या प्रक्षेपणांचा वाटा मोठा असतो. राजा परांजपे यांचे कृष्णधवल चित्रपट त्यांच्या मूळ प्रेक्षकांनंतरच्या पिढीलाही आपले वाटतात, ते याच वाटेने. या नेमाचा एक लाभ मात्र मान्य करायला हवा. पर्याय नसल्यामुळे न आवडणारा सिनेमाही शेवटपर्यंत पाहिला जाई, आणि सुरुवातीला कंटाळवाणा वाटलेला सिनेमा तासाभरानंतर पकड घेऊ शकतो हा अनुभव मिळे. तो पुढे दुर्मीळ झाला.

उपग्रह वाहिन्यांनी शनिवारची वाट पाहणे संपवले आणि त्याजागी पुनरावृत्ती आणली. तिचे सर्वांत मोठे अपत्य म्हणजे सचिन पिळगावकर यांचा ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८). हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’वर (१९६६) बेतलेला हा चित्रपट मूळ हिंदी चित्रपटापेक्षा कितीतरी अधिक टिकला. पुण्यात खोली मिळत नाही म्हणून चार मित्रांपैकी दोघे बायका बनून लीलाबाई काळभोरांच्या वाड्यात राहतात, एवढीच गोष्ट. पण तिची बांधणी पाहण्यासारखी आहे. जवळजवळ प्रत्येक प्रसंग कुणीतरी दारात येण्याने सुरू होतो आणि सोंग उघडे पडते की काय या धास्तीवर चालतो. प्रत्येक प्रसंगाला स्वतःची सुरुवात आणि शेवट आहे, त्यामुळे मधूनच टीव्ही लावणाऱ्याचे काही बिघडत नाही. अशोक सराफ वाक्यापूर्वी क्षणभर थांबतात आणि समोरच्याकडे न पाहता बोलतात. वाक्य पाठ असलेला प्रेक्षक खरा हसतो तो त्या थांबण्याला. हा चित्रपट आता पाहिला जात नाही, नटाच्या आधी म्हटला जातो. त्यामुळे त्यात कोणत्या विनोदांना आज कपाळावर आठी पडायला हवी, हेही कुणाच्या लक्षात येत नाही. इतक्या जवळच्या चित्रपटाविषयी मत बनवणे अवघडच असते, कारण मत बनवायला थोडे अंतर लागते.

मराठी प्रेक्षकाची दुसरी खोल सवय कानाची आहे. नाटकावर पोसलेला हा प्रेक्षक सिनेमाही बराचसा ऐकतो. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ (१९७०) २०१६ साली पडद्यावर आले तेव्हा आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) हे नाटक २०१५ साली चित्रपट झाले तेव्हा चित्रपटगृहे भरली. दोन्हींची स्तुती करताना संवाद, गाणी आणि अभिनय यांचाच उल्लेख होत राहिला. कॅमेरा कुठे ठेवला होता, दृश्य कुठे तोडले, हे बोलण्यात क्वचितच आले. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. चांगला कान ही मिळकतच आहे. पण कानावर चालणारा प्रेक्षक शब्द संपले की सिनेमा थांबला असे समजतो, आणि तिथे अडचण सुरू होते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) या अडचणीचा उत्तम नमुना आहे. एका सफाई कामगाराच्या मृत्यूला आपल्या गाण्याने कारणीभूत ठरल्याच्या आरोपावरून लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावर खटला चालतो. कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर आहे. कुणाचा चेहरा पाहायचा हे तो सांगत नाही. चौकटीतल्या दहा माणसांपैकी कुणाकडे बघायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, खोली रिकामी होते, दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. सवयीचा प्रेक्षक इथे चपला शोधू लागतो. पण सिनेमा पुढे चालूच राहतो: न्यायाधीश सहलीला गेले आहेत, बाकावर त्यांना डुलकी लागते, पोरे ओरडून त्यांना दचकवतात, ते एका मुलाच्या थोबाडीत मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. निकाल नाही, भाषण नाही. ज्याला शेवटचा शब्द हवा असतो त्याला हा चित्रपट अर्धवट वाटतो. चपला शोधणाऱ्या हाताला आपण कशाची वाट पाहत होतो हा प्रश्न पडला, तर मात्र सिनेमाने आपले काम केले असे म्हणता येते.

असे पाहायला शिकवण्याचे काम महाराष्ट्रात फिल्म सोसायट्यांनी केले. १९६८ साली मुंबईत सुरू झालेले प्रभात चित्र मंडळ, पुण्यातला आशय फिल्म क्लब, १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आणि त्याच्याशी जोडलेला, प्रा. सतीश बहादूर यांनी घडवलेला चित्रपट-आस्वादाचा अभ्यासक्रम यांतून दोन-तीन पिढ्या तयार झाल्या. हौशी प्रेक्षकाने प्रसंग पुन्हा पुन्हा पाहून त्याची रचना तपासावी, ही कल्पनाच या चळवळीमुळे रुजली. तिची एक मर्यादाही होती. बर्गमन आणि कुरोसावा तोंडपाठ असणाऱ्या या मंडळींनी अनंत माने किंवा दादा कोंडके यांच्याकडे त्याच बारकाईने क्वचितच पाहिले. परिणामी ‘चांगला सिनेमा’ आणि ‘आवडता सिनेमा’ असे दोन कप्पे पडले. पहिला बोलण्यासाठी, दुसरा जेवताना लावण्यासाठी. सुशिक्षित मराठी प्रेक्षकाच्या बोलण्यात आणि पाहण्यात जी फट दिसते, तिचा उगम बऱ्याच अंशी इथे आहे.

ही फट ‘श्वास’च्या वेळी थोडी बुजली. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठी चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले आणि २००४ साली ‘आशयघन’ हा शब्द जाहिरातीतही चालू लागला. मात्र सुवर्णकमळ मिळूनही ‘कासव’ (२०१६) नीट प्रदर्शित व्हायला ऑक्टोबर २०१७ उजाडला आणि तेव्हाही मोजकेच खेळ वाट्याला आले. ‘आम्हाला आशयघन सिनेमा आवडतो’ हे विधान आणि तिकीटबारी यांत अंतर राहिलेच. त्याचा सगळा दोष प्रेक्षकाला देता येत नाही. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत मराठी चित्रपटाचा खेळ सक्तीचा करण्याची घोषणा केली. वाद झाला आणि शेवटी दुपारी १२ ते रात्री ९ अशी ऐसपैस वेळ ठरली. नोकरदार माणसाला दुपारी साडेबाराचा खेळ देऊन ‘मराठी माणूस मराठी सिनेमा पाहत नाही’ असा निष्कर्ष काढला, तर तो वेळापत्रकाचा निष्कर्ष ठरतो, आवडीचा नव्हे.

कुणासोबत पाहिले जाते, हाही दुर्लक्षित राहिलेला घटक आहे. ‘माहेरची साडी’ला (१९९१) बायकांनी गर्दी केली तेव्हा ती रडकी आवड म्हणून हिणवली गेली. ‘बाईपण भारी देवा’च्या (२०२३) वेळी साड्या नेसून, गॉगल लावून बायकांचे गटच्या गट मल्टिप्लेक्समध्ये आले तेव्हा त्याच गर्दीचे कौतुक झाले. दोन्ही वेळा चित्रपटाइतकेच घराबाहेर पडण्याला महत्त्व होते. घरातला टीव्ही कुणाच्या हातात असतो हे लक्षात घेतले, तर बायकांची आवड चित्रपटगृहातच का दिसते हे कळते.

‘सैराट’ने (२९ एप्रिल २०१६) सगळ्या सवयी एकाच खेळात समोर आणल्या. ‘झिंगाट’ला माणसे खुर्च्या सोडून नाचली. उत्तरार्धात गोष्ट हैदराबादला गेली, प्रेमाची धुंदी उतरून भाड्याची खोली, पैसा आणि संशय आले, तशी चुळबूळ वाढली. शेवटी नायिकेच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, लहान मूल शेजारणीबरोबर घरी परतते, आणि त्यानंतर नागराज मंजुळे यांनी आवाजच काढून घेतला आहे. रडणारे मूल दिसते, त्याच्या पावलांचे रक्ताळलेले ठसे दिसतात, ऐकू काही येत नाही. कानाने सिनेमा पाहणाऱ्याला इथे डोळ्यांशिवाय गत्यंतर उरत नाही. नाचलेली गर्दी गप्प बाहेर पडली. पण लोकांनी त्यातून घरी काय नेले? ‘झिंगाट’ लग्नाच्या वरातींत आणि गणपतीच्या मिरवणुकांत वाजू लागले. ज्या जातीच्या भिंतीवर ती गोष्ट आदळते, त्याच भिंतीच्या आत ठरलेल्या लग्नांतही वाजले. आवड सिनेमातले हवे ते कसे उचलते आणि नको ते कसे मागे ठेवते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मराठीत नाही.

आता मोबाइल आणि ओटीटीच्या काळात पुरवठ्याची सबब उरली नाही, असे वरवर वाटते. प्रेक्षकाला प्रथमच स्वतःच्या सवयीची लेखी नोंद मिळाली आहे. ‘नंतर पाहू’ म्हणून ठेवलेल्या यादीत इराणी आणि कोरियन चित्रपट असतात. प्रत्यक्ष पाहिलेल्यांच्या यादीत पाहिलेलेच पुन्हा. ही दुसरी यादी आवडीचा अधिक प्रामाणिक पुरावा आहे. तरी तीही निर्मळ नाही, कारण पुढचा सिनेमा सुचवणारे यंत्र आधीच्या पाहण्यावरूनच सुचवते. शनिवारचा सिनेमा निदान सगळ्यांना एकच लागायचा. या काळात झालेला एक खरा बदल म्हणजे उपशीर्षके वाचण्याची सवय. २०२० च्या टाळेबंदीत अनेक मराठी घरांनी मल्याळम चित्रपट पाहायला सुरुवात केली आणि संथ, साधा, स्थानिक सिनेमा आपल्याला झेपतो हे त्यांना समजले. ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२१ साली नेटफ्लिक्सवर आला तेव्हा त्याला मिळालेले काही प्रेक्षक या मल्याळम वाटेने आले असावेत, असे मानायला जागा आहे.

स्वतःची आवड तपासू पाहणाऱ्याने म्हणूनच किती तारे दिले यापेक्षा काही आडवळणाच्या गोष्टी टिपाव्यात: सिनेमा कुठल्या मिनिटाला बंद केला, कुठे पुढे ढकलला, पाहताना हातात मोबाइल कधी आला, सिनेमा कुणी सुचवला. बालपणी आवडलेला एखादा चित्रपट आज एकट्याने, मध्ये न उठता पाहणे ही सर्वांत कसोटीची गोष्ट. त्यात सिनेमाचे किती आणि त्या वेळच्या घराचे किती, हे वेगळे होऊ लागते. न आवडलेल्या चित्रपटाची दुसरी भेट त्याहून उपयोगी, पण ती फार थोडे लोक घेतात.

या तपासणीला बाहेरची एक अडचण आहे. जुन्या मराठी सिनेमाच्या मूळ प्रती थोड्याच उरल्या आहेत, आणि ज्या आहेत त्या सामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाहीत. पन्नास-साठच्या दशकांतले तमाशापट आज पाहायचे तर यूट्यूबवर वाहिनीचा शिक्का असलेल्या, कडा कापलेल्या, मध्येच रीळ तुटलेल्या प्रतीवर भागवावे लागते. ‘ते सिनेमे संथ आणि भडक होते’ असे नवा प्रेक्षक म्हणतो, ते बहुधा या प्रतींबद्दल.