मूळ सायकल म्हणजे कोणती?

प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ (२०१८) आवडलेल्यांना त्यातली पिवळी सायकल अजून आठवत असेल. कोकणातला ज्योतिषी केशव (हृषीकेश जोशी) आजोबांकडून आलेल्या त्या सायकलीला जिवापाड जपतो. ती दोन चोर पळवतात, पण वाटेत लोक चोरांआधी सायकल ओळखतात. केशवची सायकल आणलीय म्हणजे घरचीच माणसं, असं समजून त्यांना जेवूखाऊ घालतात. अदिती मोघे यांच्या लेखनातली ही जागा मला फार आवडते. सायकल कोणाची, हे इथे गाव ठरवतं.

खटकतं ते दुसरंच. ही सायकल चित्रासारखी आहे. तिचा पिवळा रंग खरवडून काळा मारला, मागे लोखंडी चौकट जोडली, तर गाव तिला ओळखेल का? चित्रपटाला या प्रश्नाची गरज नाही. मला आहे, कारण जळोचीत पाहिलेल्या दूधवाल्यांच्या सायकली अशा नव्हत्याच.

नवी काळी सायकल दुकानातून निघाली की थेट वेल्डिंगवाल्याकडे जायची. पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी सळीचा टेकू, कॅरिअरला किटल्यांसाठी आकडे, चाकात जाड आरे, भरल्या किटल्यांचं ओझं पेलणारं रुंद स्टँड. दांडीवर जुन्या ट्यूबची पट्टी. कारखान्यातून निघताना ती शेकडो जुळ्या बहिणींसारखी असायची, फरक फ्रेमवर ठोकलेल्या नंबरापुरता. म्हणजे हाताने घडवलेलं तिच्यात जे काही आहे, ते सगळं ‘बदल’ या खात्यात जातं. मग मूळ कशाला म्हणायचं?

‘मिलिंदपञ्ह’मध्ये नागसेन राजाला असंच कोंडीत पकडतो. आस म्हणजे रथ का? चाकं म्हणजे? जू म्हणजे? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. शेवटी ठरतं ते असं, की हे सगळे भाग जुळून आल्यावर आपण ज्याला हाक मारतो ते नाव म्हणजे रथ. (रथाच्या जागी ‘मी’ ठेवून पाहा, झोप उडेल.) मला यात एक भर घालावीशी वाटते: हाक मारणारा कोण, त्यावरही ठरतं. वेल्डिंगवाल्याला ती त्याच्या टाक्यांवरून कळते, गिऱ्हाइकाला घंटीवरून, पोराला दांडीवर बसलेल्या आठवणीवरून.

हल्ली गावाकडे वडिलांची सायकल ‘ओरिजिनल’ करून घ्यायची हौस आली आहे. कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात जुन्या सायकली पाहताना ती हौस मला समजते. तिथे सायकल कंपनीची आणि काळाची साक्षीदार असते. घरातली सायकल मात्र बापाच्या धंद्याची साक्षीदार असते, आणि आकडे कापले की ती साक्ष आधी जाते. त्यापेक्षा बॅटरी आणि मोटर बसवणारा पोरगा मला बापाच्या जास्त जवळचा वाटतो. तोही ओझ्याचाच विचार करतोय.

माझ्या ओळखीच्या एका घरी अशी नवी कोरी केलेली सायकल ओसरीत उभी आहे. काळा रंग आरशासारखा. आकडे भंगारात गेले. कॅरिअरच्या सळीवरून बोट फिरवलं की ग्राइंडरने घासूनही दोन जागी टाका लागतो. आजी पुसताना तिथे फडकं जरा थांबवते.