वाकळ हरली ती कुणाकडून?

साताऱ्या-सांगलीकडं गोधडीला वाकळ म्हणतात. हातशिलाई आणि मशीन यांची तुलना निघाली, की वाकळ मशीननं मारली असा निकाल ठरलेला. तो मला पटत नाही.

आधी हातकाम पाहू. माण-आटपाडीचा दुष्काळी पट्टा असो की कृष्णाकाठची उसाची गावं, रानातली कामं सरली की उन्हाळ्यात जुनेरं धुऊन निघतात. खाली लुगडं, पोटात धोतरा-सदऱ्यांचे तुकडे, वर दुसरं लुगडं. मग कडेनं धावदोरा धरायचा आणि चौकोनात चौकोन घालत मध्यावर यायचं. इतर देशांत कापड ताणायला बहुधा लाकडी चौकट लावतात. इथं शिवणारी वाकळेवरच बसते, तिच्या भारानंच थर जागचे हलत नाहीत. टाका एकाच दोऱ्याचा, बुडत-उगवत जाणारा, किंचित सैल. म्हणून वाकळ सुरकुतते, मऊ पडते, अंगाला लपेटून बसते.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, एकमेकांत अडकलेला. घट्ट आणि जलद. पण घरच्या मशीनवर जाड वाकळ गुंडाळी करून रेटावी लागते. खालचा थर पुढं सरकतो, वरचा मागं राहतो, चुण्या पडतात. त्यावर उपाय म्हणून वरचा थरही सोबत ओढणारा ‘वॉकिंग फूट’ आला. चौकटीवर ताणलेल्या कापडावरून स्वतःच फिरणारं लाँगआर्म मशीन आलं. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीनं गोल फिरतं पातं आणलं आणि एकसारखे चौकोन झटपट कापता येऊ लागले. सफाई वाढली. मात्र वाकळेची कला टाक्याइतकीच निवडीत होती. फाटकं कुठं दडवायचं, इरकली काठ कुठं मिरवायचा, हे हातात येईल त्या चिंधीवर ठरे. मापानं कापलेल्या नव्या कापडाला हा प्रश्नच पडत नाही.

तरी घात केला तो कापडानं. नायलॉन-पॉलिस्टरच्या साड्या जुन्या झाल्या तरी जुनेर होत नाहीत. घाम टिपत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात. त्यात स्वस्त ब्लँकेटं आली. शिवाय गोधडी म्हणजे गरिबी, हा शिक्का होताच. कराडच्या महाविद्यालयाला ज्यांचं नाव आहे, त्या गाडगेबाबांना लोक गोधडे महाराजही म्हणत. त्यांना मिळालेला मान मात्र वाकळेच्या वाट्याला आला नाही.

२००२ मध्ये अलाबामातल्या गीज बेंड गावच्या बायकांच्या गोधड्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात लागल्या, त्या शिवणारणींच्या नावांसकट. आपल्याकडं शहरातल्या दुकानांत ‘हँडमेड’ गोधडी महाग विकली जाते, पण शिवणारीचं नाव सहसा नसतं.

मशीनची गोधडी खुशाल घ्यावी. तिला हातची म्हणू नये. आणि हातची घ्यायची तर नगावर घासाघीस न करता दिवसांची मजुरी मोजावी. घरात आजीचं सुती लुगडं उरलं असेल, तर ते भांडीवालीला देऊ नका. वाकळ शिवणारी बाई गावात अजून सापडेल. तसलं लुगडं सापडणार नाही.