दप्तर आहे, खेळ नाहीत

जपानच्या ‘कोनामी’चा इतिहास लिहिणाऱ्यापुढे खेळ असतात, 1987चा ‘कॉन्ट्रा’ आजही खेळून तपासता येतो. मुंबईच्या ‘इंडियागेम्स’चा इतिहास मात्र खरेदी-विक्रीच्या नोंदींतूनच वाचावा लागतो. विशाल गोंडल यांनी 1999मध्ये ती स्थापन केली. 2007मध्ये ती यूटीव्हीकडे, पुढे यूटीव्हीसह डिस्नेकडे गेली. 2016मध्ये डिस्नेने भारतातला गेमविभाग आवरता घेतला. बोरिवली लोकलमध्ये बटणांच्या मोबाइलवर रंगलेले क्रिकेटचे डाव बहुतांशी हँडसेटबरोबरच भंगारात गेले. मालक कोण, हे कळते; खेळ कसा होता, हे नाही. चित्रपट जपायला पुण्यात 1964पासून संग्रहालय आहे. खेळालाही कलाकृती मानायचे, तर संहिताच हरवल्यावर समीक्षा कशाची करायची?