सहनिर्मित विश्व आणि कर्तृत्वाचा प्रश्न

रोलां बार्थ यांनी १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली आणि अर्थनिर्मितीचे केंद्र वाचकाकडे सरकले. परंतु हा वाचक संहितेतील रिक्त जागा फार तर मनात भरतो. संहितेत एक वाक्यही घालण्याचा अधिकार त्याला नसतो. तो अधिकार प्रत्यक्ष दिल्यास काय घडते, हे पाहण्यासाठी टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांकडे समीक्षेने गांभीर्याने पाहिले पाहिजे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) सूत्रधार विश्व रचतो आणि खेळाडू त्यात वावरतात. म्हणजे लेखक येथे नाहीसा होत नाही. तो केवळ टेबलापाशी येऊन बसतो. बेन रॉबिन्स यांच्या ‘मायक्रोस्कोप’मध्ये (२०११) मात्र सूत्रधारच नाही. एका कल्पित इतिहासाचा आरंभ व शेवट सर्वांनी मिळून ठरवायचा आणि मधले कालखंड, घटना व प्रसंग कोणत्याही क्रमाने भरत जायचे. ज्याची पाळी, त्याची निर्मिती. इतरांनी सूचनाही करायची नाही. एकाने उभारलेले नगर दुसरा बेचिराख करू शकतो. पहिल्याला ते नाकारता येत नाही. पण काळात मागे जाऊन त्या नगराचे वैभव त्याला रंगवता येते. एव्हरी ऑल्डर यांच्या ‘द क्वाएट इयर’मध्ये (२०१३) खेळाडू एका वस्तीचा नकाशा रेखाटतात, पत्त्यांच्या जोडातील प्रत्येक पत्ता म्हणजे एक आठवडा. चर्चेत प्रत्येकाला एकदाच बोलता येते आणि चर्चेअंती निर्णय होत नाही. असंतोष दर्शवणारी सोंगटी समोर ठेवता येते. तिने घडलेले बदलत नाही.

सहनिर्मिती म्हणजे एकमत, या रूढ समजुतीला येथे छेद जातो. एकमताचा आग्रह धरला की ज्याचा आवाज मोठा, तोच अखेर लेखक ठरतो. हे नियम एकमताऐवजी दुसऱ्याचे विधान बंधनकारक मानण्याची शिस्त लावतात. विश्वाची एकात्मता एका प्रतिभेतून नव्हे, तर या स्वीकारातून सिद्ध होते. आणि विसंगती हा दोष न राहता पुढील निर्मितीचे कारण बनते.

अशा निर्मितीचे मूल्यमापन कसे करावे, हा प्रश्न उरतोच. खेळ संपल्यावर हाती राहतात काही टिपणे, एक गिचमिड नकाशा. त्यालाच कलाकृती मानले तर ती सामान्य ठरेल. समीक्षेचा विषय येथे ते अवशेष नव्हेत. कोणी, केव्हा, किती बोलावे हे ठरवणारी नियमव्यवस्था हाच तो विषय होय. लेखकाचे स्वामित्व संपल्याने सत्ता संपत नाही; ती वाटली जाते, आणि त्या वाटपाचा न्याय तपासणे समीक्षेला टाळता येणार नाही.