चित्रात नसलेला दाता

फ्लोरेन्स येथील सान मार्कोच्या मठासाठी फ्रा आंजेलिको या डोमिनिकन संन्यस्ताने पंधराव्या शतकात रंगविलेले एक छोटेसे चित्र आहे. शय्येवर एक डीकन निद्रिस्त आहे आणि संत कॉस्मस व संत दमियन हे वैद्य बंधू त्याच्यावर ओणवले आहेत. रुग्णाचा एक पाय गोरा, दुसरा काळा. सेमिनरीत असताना आम्ही या चित्राची प्रतिकृती पाहिली, तेव्हा आमचे लक्ष संतांच्या प्रभावलयांकडे गेले होते. मूत्रपिंडाचे आरोपण झाल्यावर तेच चित्र पुन्हा पाहिले. या वेळी नजर काळ्या पायावरून हलेना.

तेराव्या शतकातील ‘सुवर्ण आख्यायिके’त ही कथा आहे. डीकनचा पाय सडला होता. संतांनी त्याच दिवशी पुरलेल्या एका इथिओपियन माणसाचा पाय आणून त्याला जोडला आणि सडका पाय त्या मृताच्या थडग्यात ठेवला. चित्रात मात्र ते थडगे नाही. तेथे तीनच माणसे आहेत. ज्याच्यामुळे चमत्कार घडला, तो चौथा नाही. हे या चित्राचे न्यून होय, असे आम्हांस वाटते.

चित्राचा मोठा गुण असा की, चित्रकाराने पायाचा रंग बदलला नाही. दुसऱ्याचे ते दुसऱ्याचेच राहते, हे शरीरशास्त्रही सांगते. 1954 साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडारोपण यशस्वी झाले, कारण दाता रोनाल्ड हेरिक हा रुग्णाचा एकरूप जुळा भाऊ होता. इतरांचे शरीर परके इंद्रिय नाकारते. 1968 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयारोपण केले. रुग्ण काही तासच जगला. पुढे 1980 च्या दशकात सायक्लोस्पोरिनने वाट सुकर केली. आमच्या झग्याखालील व्रण कोणास दिसत नाही. पण रोज ठरल्या वेळी घ्यावयाच्या गोळ्या हाच आमचा काळा पाय आहे.

तुळजापूरहून डायलिसिससाठी सोलापूरला जाताना आश्विनात त्याच रस्त्याने अनवाणी येणारे भाविक आम्हांस भेटत. ते नवस फेडावयास निघालेले असत. आमचे ऋण ज्या मृत दात्याचे आहे, त्याचे नावही आम्हांस सांगितले गेले नाही. शोकाकुल कुटुंबावर कोणतेही दडपण येऊ नये, म्हणून हा संकेत योग्यच आहे. परंतु नाव ठाऊक नसणे वेगळे आणि माणूसच विसरणे वेगळे.

आख्यायिकेतील त्या इथिओपियन माणसाला किंवा त्याच्या आप्तांना कोणी विचारले नव्हते. 29 ऑगस्ट 2000 रोजी रोम येथील आरोपणतज्ज्ञांच्या परिषदेत पोप जॉन पॉल दुसरे यांनी इंद्रियदान हे प्रेमाचे कृत्य म्हणून गौरविले आणि दात्याची स्वेच्छा अत्यावश्यक मानली. आपल्याकडील 1994 चा कायदाही संमती मागतो, आणि हयातीत इच्छा नोंदविली नसेल तर तो प्रश्न अखेर निकटच्या नातलगांपुढेच येतो. म्हणून घरात सर्व धडधाकट असतानाच हा विषय बोलून ठेवावा.

ख्रिस्तयागाच्या पहिल्या कृतज्ञतास्तवनात कॉस्मस व दमियन यांची नावे येतात. ती उच्चारल्यावर आम्ही क्षणभर थांबतो. तो क्षण चित्रातील चौथ्या माणसाचा असतो.